लग्न तीन महिन्यांवर, आणि कातडी मागे सरकत नाही: सोलापुरातले एक प्रकरण

वय २७. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम, बारा तासांची शिफ्ट. गड्ड्याची जत्रा आटोपता आटोपता सोयरीक जुळली, मेमधली तारीख धरली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हा तरुण त्वचारोगाच्या ओपीडीत येऊन बसला. केसपेपरवर तक्रार लिहिलेली होती ‘खाज’. अशा रुग्णांची पहिली तक्रार बहुतेक वेळा खाजच असते, कारण बाहेर केसपेपर काढणाऱ्याला तेवढेच सांगता येते. पडदा ओढल्यावर खरे बोलणे निघाले: शिश्नाची पुढची कातडी मागे जात नाही, आणि ताठरता आली की टोकाशी दोरी आवळल्यासारखे दुखते.

(हा एकच एक माणूस नव्हे. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांत नेहमी जे आढळते ते एका रुग्णाभोवती गुंफले आहे. औषधे, मात्रा आणि मुदती मात्र प्रत्यक्ष वापरातल्या आहेत.)

“लहानपणापासून असंच आहे की मध्येच सुरू झालं?” हा पहिला प्रश्न, आणि अर्ध्याहून जास्त निदान त्यातच असते. उत्तर होते, “पहिल्यापासूनच घट्ट आहे सर. पण आता सहा-सात महिन्यांत जास्तच आवळलंय. चिरा पडतात.” म्हणजे दोन थर होते. जन्मापासूनचा घट्टपणा हा एक, आणि त्यावर अलीकडे कशामुळे तरी चढलेला दाह हा दुसरा. नुसत्या पहिल्या थरावर उपचार केला तर यश येत नाही, आणि नुसत्या दुसऱ्यावर केला तर महिन्याभरात पुन्हा तेच.

दुसरा थर कुठून आला ते त्याच्या पिशवीतून बाहेर पडले. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली एक ट्यूब, तिच्यात तीन-चार औषधे एकत्र: तीव्र स्टेरॉईड, बुरशीचे औषध आणि एक प्रतिजैविक. २०१८ मध्ये स्टेरॉईडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली, तरी ती काउंटरवरून सर्रास मिळतात. ही ट्यूब तो खाज आली की चार दिवस लावायचा, बरे वाटले की सोडायचा. शिवाय रोज रात्री अँटिसेप्टिक द्रव पाण्यात घालून धुवायचा, तेही अंदाजाने, झाकणभर. आतली कातडी तोंडाच्या आतल्या पापुद्र्याइतकी नाजूक असते. ती भाजल्यासारखी कोरडी पडली, कडेला बारीक चिरा पडल्या. प्रत्येक चीर भरताना थोडी आखडते. चीर, आखडणे, पुन्हा ओढले की पुन्हा चीर, असे चक्र सहा महिने चालले होते.

तपासणीत काय पाहिले

कातडीचा घट्टपणा मोजायला ० ते ५ अशी प्रतवारी वापरतात. ० म्हणजे कातडी सहज पूर्ण मागे जाते. १ म्हणजे पूर्ण जाते, पण टोकामागे (शिश्नाच्या बोंडामागे) आवळते. २ मध्ये टोक थोडे उघडे पडते. ३ मध्ये फक्त लघवीचे छिद्र जेमतेम दिसते. ४ मध्ये कातडी किंचित हलते, पण छिद्र दिसत नाही, आणि ५ मध्ये अजिबात हलत नाही. हा रुग्ण शिथिल अवस्थेत ३ वर होता. ही प्रत पहिल्याच दिवशी लिहून ठेवायची असते, नाहीतर सहा आठवड्यांनी ‘थोडा फरक वाटतोय’ याला काही अर्थ उरत नाही.

त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे कातडीच्या कड्याचा रंग आणि पोत. कातडी हलकेच मागे ओढली की सर्वांत अरुंद भाग कड्यासारखा पुढे येतो. ते कडे गुलाबी असेल, बोटांत लवचीक लागत असेल तर स्टेरॉईडच्या मलमाने सैल होण्याची शक्यता चांगली. ते पांढरे, चिनीमातीसारखे चकचकीत, बोटाला टणक लागणारे असेल तर लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगाची शंका घ्यायची. तो आजार वेगळा. त्यात साध्या मलमाने चालत नाही, क्लोबेटॅसॉल ०.०५ टक्के हे जास्त तीव्र औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक ते तीन महिने द्यावे लागते, शंका असेल तर तुकडा तपासावा लागतो, आणि बऱ्याच जणांना शेवटी शस्त्रक्रियाच लागते. तो लघवीचे छिद्रही आवळतो आणि क्वचित पुढे कर्करोगाकडे जातो, म्हणून वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. या रुग्णाचे कडे गुलाबी-लालसर होते, ओलसर, तीन बारीक चिरा, एका बाजूला दह्यासारखा पातळ पांढरा थर. थर पुसल्यावर खाली लाल. बुरशी.

बुरशी म्हटली की साखर तपासायची, हा नियम तरुणांनाही लागू. मोठ्या वयात ‘अलीकडेच घट्ट झाले, चिरा पडतात’ असे सांगत येणारा पुरुष कित्येकदा स्वतःला मधुमेह आहे हे न कळलेला असतो. लघवीतून साखर जात राहिली की कडेला बुरशीला खाऊ मिळतो. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी ज्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) त्या घेणाऱ्यांतही हाच त्रास दिसतो, आणि तो डॉक्टरांना सांगायचे रुग्णाच्या डोक्यातच येत नाही. इथे वडिलांना मधुमेह होता, म्हणून उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची चाचणी) दोन्ही केले. एचबीए१सी ५.५ आले. ५.७ च्या खाली म्हणजे ठीक. साखर हे कारण नव्हते. बुरशीला आमंत्रण होते ते त्या ट्यूबमधल्या स्टेरॉईडचे आणि धाग्यांच्या उकाड्यात बारा तास घामाने भिजलेल्या अंतर्वस्त्राचे.

खालचा तंतूही पाहिला. शिश्नाच्या खालच्या बाजूला टोक आणि कातडी जोडणारा एक पातळ दोरा असतो. तो आखूड असेल तर कातडी मागे जाताना टोक खाली वाकते, आणि अडथळा कड्याचा नसून दोऱ्याचा असतो. मलम दोऱ्यावर फारसे काम करत नाही. इथे दोरा पुरेसा लांब होता. लघवीची धार सरळ, लघवी करताना कातडीचा फुगा होत नव्हता, जळजळ फक्त चिरांची.

“ऑपरेशन करावं लागेल ना?” हे त्याने तीनदा विचारले. एसटी स्टँडच्या भिंतीवरचे ‘लेसरने पंधरा मिनिटांत’ त्याने पाहिले होते, आणि मागच्या ओळीत राहणाऱ्या मित्राने ‘सुंता करून टाक’ म्हटल्यावर घरी काय सांगायचे याचीच धास्ती जास्त होती. धर्मासाठीची सुंता आणि वैद्यकीय गरजेची सुंता यांत शल्यचिकित्सकाच्या हातून घडते ते तेच, आणि ती गरज असलेल्याने घेताना लाजण्यासारखे काहीच नाही. पण लवचीक कडे, व्रण नाही, टणकपणा नाही, अशा माणसाला पहिल्याच भेटीत टेबलावर घेण्याचे कारण नसते. तीन महिने हाताशी होते, आणि मलमाला दीड-दोन महिने लागतात. वेळ पुरेसा होता, पण वाया घालवण्याइतका नव्हता.

पहिले बारा दिवस: ओढायचे नाही

इथे बहुतेकांची घाई होते. स्टेरॉईड मलम आणि ताण (कातडी हलकेच ओढून सैल करण्याचा व्यायाम) एकाच दिवशी सुरू करतात, चिरांवर औषध झोंबते, चीर मोठी होते, आणि ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. आधी कातडी बरी करायची.

जुनी ट्यूब बंद. अँटिसेप्टिक बंद, साबणही आत नाही. दिवसातून एकदा, अंघोळीच्या शेवटी, साध्या कोमट पाण्याने. सोलापुरात नळाचे पाणी काही दिवसांआड येते आणि पिंपातले पाणी जपून वापरावे लागते, म्हणून ‘दिवसातून तीनदा धुवा’ असा सल्ला निरुपयोगी. एक मग पुरतो, पण तो मग पिंपात बुडवलेला नको. आदल्या रात्री उकळून थंड केलेले एक तांब्याभर पाणी बाजूला ठेवले की काम होते. कातडी जेवढी सहज मागे जाते तेवढ्यावर पाणी सोडायचे, टिपून कोरडे करायचे, घासायचे नाही. आतून पांढरे दाणे दिसले तर तो पू नसून गळलेल्या पेशींचा आणि तेलकटपणाचा साठा असतो, तो खरवडून काढायची गरज नाही.

बुरशीसाठी क्लोट्रिमॅझॉल १ टक्के क्रीम, सकाळ-संध्याकाळ पातळ थर, लक्षणे गेल्यावरही काही दिवस, एकूण बारा दिवस. चिरांवर दिवसभरात पांढरे पेट्रोलियम जेली. अंतर्वस्त्र सुती, सैल, शिफ्टच्या मध्ये एकदा बदलायचे. ही शेवटची गोष्ट त्याला सर्वांत कठीण वाटली, कारण कारखान्यात बदलायला जागा नव्हती. शेवटी जेवणाच्या सुट्टीत संडासात बदलून पिशवीत भरायची, असे ठरले.

बाराव्या दिवशी चिरा बुजल्या, लाली गेली, प्रत तीच ३. म्हणजे दाह गेला, मूळ घट्टपणा राहिला. आता खऱ्या उपचाराला जागा झाली.

मलम कुठे, किती, कसे

बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१ टक्के, ऑइंटमेंट स्वरूपात, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. मोमेटासोन ०.१ टक्के हेही चालते, आणि दिवसातून एकदाच लावायचे असल्याने कामावर जाणाऱ्याला सोयीचे. इथे बीटामेथासोन दिले. ऑइंटमेंट का, क्रीम का नाही? क्रीममध्ये पाणी आणि टिकवणारी रसायने असतात, ती आतल्या कातडीला झोंबू शकतात; ऑइंटमेंट चिकट असल्याने जागेवर टिकते. मात्र फेब्रुवारी संपला की सोलापूर तापते, आणि ट्यूब कारखान्याच्या लॉकरमध्ये ठेवली तर तेल सुटून पातळ होते. ती घरी, सावलीत.

स्टेरॉईड करते काय? दाह कमी करते, आणि कातडीतल्या कोलॅजेनची (कातडीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाची) नव्याने होणारी बांधणी मंदावते. कडे थोडे पातळ, जास्त लवचीक होते. ती लवचीकता वापरून घेण्यासाठीच ताण द्यायचा असतो. दोन्ही एकमेकांवर अवलंबून आहेत. नुसते मलम लावून बसलेल्यालाही थोडा फरक पडतो, पण ताण न दिल्यास उपचार थांबला की कडे पूर्वपदावर जाण्याचा संभव जास्त.

आता कळीची गोष्ट, जिच्यावर बहुतेक उपचार फसतात. मलम टोकावर लावायचे नाही आणि बाहेरच्या कातडीवरही लावायचे नाही. ते लावायचे फक्त त्या अरुंद कड्यावर, आतून आणि बाहेरून. कडे शोधायचे तर कातडी वेदना न होता जाईल तेवढी मागे ओढायची. जिथे पांढरट ताणलेली गोल रेषा दिसते तेच. मात्रा हरभऱ्याच्या डाळीच्या एका दाण्याएवढी, साधारण ०.१५ ग्रॅम. दिवसाला ०.३, सहा आठवड्यांत ४२ दिवस, म्हणजे १२-१३ ग्रॅम. २० ग्रॅमची एक ट्यूब पुरून उरते. ती तीन आठवड्यांत संपली तर समजायचे की औषध जास्त लागतेय, आणि बहुधा चुकीच्या जागी. रुग्णाला ट्यूब घेऊनच यायला सांगायचे; रिकामी झालेली ट्यूब त्याच्या तोंडच्या उत्तरापेक्षा खरे सांगते.

लावल्यावर तर्जनीने कड्यावर मिनिटभर गोल फिरवायचे, मग कातडी पुढे सोडायची. दहा मिनिटे लघवी नाही. हात आधी आणि नंतर साबणाने. मागाचे तेल-ग्रीस नखाखाली राहिले तर तेच कड्यावर जाते, आणि दुपारी शेंगाचटणी-भाकरी खाऊन न धुतलेल्या हाताने लावणाऱ्याला त्याचा परिणाम तत्काळ कळतो.

ताण दुसऱ्या आठवड्यापासून. पहिला आठवडा फक्त मलम. वेळ कोमट अंघोळीनंतर, जेव्हा कातडी मऊ असते. कातडी दोन्ही हातांनी मागे खेचून कड्यावर ताण आणायचा, २० ते ३० सेकंद धरायचा, सोडायचे, पुन्हा. दहा वेळा, दिवसातून दोनदा. ताण किती? दुखण्याला ० ते १० मोजले तर २-३ च्या पुढे जायचे नाही. ताण जाणवला पाहिजे, दुखले नाही पाहिजे. दुखल्यावर स्नायू आवळतात, कातडी तडकते आणि मागे सांगितलेले चक्र सुरू होते. तिसऱ्या आठवड्यापासून दुसरा प्रकार: दोन्ही करंगळ्यांची टोके, नखे तळाशी कापलेली, कड्याच्या आत अलगद ठेवून बाजूंना ताणायचे. ज्याला मागे ओढून ताण द्यायला जमत नाही त्याला हा प्रकार बरा पडतो, कारण ताण नेमका कड्यावरच येतो.

हीच कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत निरुद्धप्रकश (घट्ट कातडीचे तिथले नाव) या विकारावर लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची, दोन्ही बाजूंनी उघडी असलेली नळी तूप लावून आत घालावी, आणि दर तीन दिवसांनी जाडी वाढवत न्यावी, असे सांगितले आहे. नळी हळूहळू जाड करत नेण्यात जे शहाणपण आहे तेच आजच्या ताणाच्या वेळापत्रकात आहे. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सिलिकॉनच्या कड्या आणि छोटे फुगे हे त्याचेच नवे रूप. ते वापरू नये असे नाही, पण मिलिमीटरने वाढणारा संच असावा, मऊ असावा, झोपेत घालून ठेवू नये, आणि अर्ध्या तासाने काढून रंग पाहावा. बोटे फुकट आहेत आणि त्यांना दुखते कुठे ते कळते, म्हणून आधी बोटेच.

दोन अडथळे

चौथ्या आठवड्यात फोन आला: रक्त आले. साखरपुड्याच्या गडबडीत चार दिवस ताण राहून गेला होता, म्हणून पाचव्या दिवशी त्याने चार दिवसांचा एकदम भरून काढला. कड्यावर उजवीकडे ३-४ मिलिमीटरची चीर. यावर करायचे एवढेच: स्वच्छ कापडाने दोन-तीन मिनिटे दाबून धरणे, ताण चार ते पाच दिवस पूर्ण बंद, स्टेरॉईड त्या चिरेवर नाही, पेट्रोलियम जेली चालू. चीर भरल्यावर मागच्या पायरीवरून पुन्हा सुरू. राहून गेलेला दिवस राहून जाऊ द्यायचा. या एका चिरेने साधारण आठवडा खाल्ला.

दुसरा अडथळा धोक्याचा होता. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस, शिथिल अवस्थेत, कातडी पहिल्यांदाच पूर्ण मागे गेली. तो आनंदात ती तशीच मागे ठेवून पाण्याचे पिंप भरायला गेला, कारण त्या दिवशी नळ आला होता. वीस-पंचवीस मिनिटांनी टोक फुगलेले, त्यामागे कातडीचा सुजलेला पट्टा, आणि कातडी पुढे येईना. कडे टोकाच्या मागे अडकले की ते परत जाणारे रक्त अडवते, सूज येते, सुजेमुळे कडे आणखी घट्ट बसते. याला पॅराफायमोसिस म्हणतात आणि तो वाट पाहण्याचा प्रकार नाही.

पहिल्या भेटीतच कागदावर लिहून दिले होते म्हणून निभावले. बसायचे, टोक आणि सूज पूर्ण मुठीत धरून न सोडता पाच ते दहा मिनिटे हळूहळू दाबत राहायचे. दहा मिनिटे घड्याळाने, कारण एका मिनिटातच हात सैल पडतो आणि माणसाला वाटते खूप वेळ झाला. सूज उतरली की दोन्ही अंगठे टोकावर ठेवून ते आत ढकलायचे आणि बोटांनी कातडी पुढे ओढायची. ढकलणे मुख्य, ओढणे दुय्यम. त्याची कातडी दुसऱ्या प्रयत्नात पुढे आली. हे न जमल्यास कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ, पुन्हा दाब, आणि तरीही अर्ध्या-पाऊण तासात सुटले नाही तर सरळ सिव्हिलच्या अपघात विभागात. टोक निळे-काळे पडले, थंड लागले, बधिर झाले तर घरी एकही मिनिट घालवायचे नाही. मध्यरात्र असली तरी. लाजेखातर सकाळपर्यंत थांबलेल्यांचेच नुकसान होते.

नियम साधा: कातडी मागे गेली की परत पुढे आणायची, प्रत्येक वेळी. आणि शिथिल अवस्थेत मागे जाते म्हणजे ताठर अवस्थेत जाईलच असे नाही. ताठर अवस्थेत पूर्ण मागे नेण्याचा प्रयोग शिथिल अवस्थेत किमान आठवडाभर सहज जाऊ लागल्याखेरीज करायचा नाही.

आठव्या आठवड्यात काय हाती आले

मलम सहा आठवडे झाल्यावर थांबवले, चिरेचे दिवस धरून एकूण सात आठवडे लागले. ताण चालू ठेवला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत ३ वरून १: पूर्ण मागे, टोकामागे किंचित आवळ. ताठर अवस्थेत पाण्यात विरघळणारे वंगण लावून मागे येते, दुखत नाही. कडे गुलाबी, चीर नाही, बुरशी नाही, कातडी पातळ होऊन शिरा दिसू लागल्याची खूण नाही. पातळपणा दिसला असता तर मलम लगेच बंद. इतक्या कमी मात्रेत अंगभर दुष्परिणाम होण्याची भीती नसते. भीती असते ती बुरशी परत भडकण्याची आणि नकळत महिनोन्महिने लावत राहण्याची. ‘चांगलं आहे तर चालू ठेवू’ हे वाक्य रुग्णाच्या तोंडी आलेच, त्याला नाही म्हणावे लागले. गरज पडली तर मध्ये विश्रांती देऊन आणखी एक फेरी घेता येते. दुसऱ्या फेरीनंतरही जागचे हलले नाही तर तिसरी घेत बसू नये.

पण हे यश सगळ्यांचे होत नाही. मुलांवर झालेल्या अभ्यासांत स्थानिक स्टेरॉईडने बहुसंख्यांची कातडी सैल होते. प्रौढांवरचा पुरावा त्यामानाने तोकडा आहे, आणि प्रौढांत व्रण व लायकेन स्क्लेरोससचे प्रमाण जास्त असल्याने यशही कमी. टणक पांढरे कडे, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, लघवी अडणे, न भरणारी जखम किंवा गाठ, दोनदा अडकलेली कातडी, यांपैकी काहीही असेल तर मलमात वेळ दवडू नये, यूरॉलॉजिस्ट किंवा जनरल सर्जनकडे जावे. तिथेही सुंता हाच एक पर्याय नसतो. कड्यावर उभे छोटे छेद देऊन ते आडवे शिवण्याची शस्त्रक्रिया कातडी राखून घेर वाढवते, मात्र लायकेन स्क्लेरोसस असेल तर ती टिकत नाही. हा प्रश्न विचारायला हवा: “कातडी ठेवून होईल का?” उत्तर नाही असेल तर का नाही तेही.

एक प्रश्न त्याने लाजत विचारला: मूल होण्यात अडचण येईल का? घट्ट कातडीमुळे वीर्य किंवा शुक्राणू कमी होत नाहीत. संबंधाच्या वेळी दुखणे, चीर पडणे, संसर्ग होणे एवढाच तिचा त्रास. आणखी एक व्यवहाराची गोष्ट, जी कुणी सांगत नाही: पेट्रोलियम जेली किंवा ऑइंटमेंट कड्यावर असताना लॅटेक्सचा निरोध वापरला तर तो कमकुवत होतो, फाटतो. संबंधाआधी धुऊन टाकायचे, वंगण पाण्यात विरघळणारे किंवा सिलिकॉनचे.

लहान मुलांबद्दल येथे थोडेच. घराघरात बाळाला तेल लावून अंघोळ घालणारी बाई ‘कातडी मोकळी करून’ देते. ते करू नये. जन्मतः कातडी टोकाला चिकटलेलीच असते, ती वर्षे घेऊन आपसूक सुटते. डेन्मार्कच्या याकोब ऑस्टर यांनी १९६८ मध्ये शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात सहा-सात वर्षांच्या वयात घट्ट कातडी साधारण ८ टक्के मुलांत आणि सोळा-सतरा वर्षांच्या वयात १ टक्क्याच्या आसपास होती. बळाने ओढले की चीर पडते, व्रण होतो, आणि जे आपोआप सुटणार होते ते कायमचे घट्ट होते. आज ओपीडीत बसलेल्या तरुणांपैकी काहींचे मूळ तिथेच असते. लघवी करताना थोडा फुगा धरतो पण धार चांगली आहे, दुखत नाही, ताप नाही, तर थांबावे.

लग्न मेमध्ये झाले. पुढची भेट त्यानंतर महिन्याभराने ठेवली होती, आणि तिचे काम फक्त दोन गोष्टी पाहण्याचे होते: कड्यावर पांढरा डाग उमटला आहे का, आणि आवळ पुन्हा वाढली आहे का. दोन्ही नव्हते. रोज अंघोळीत एकदा कातडी मागे घेऊन धुणे आणि परत पुढे आणणे आता कायमचे. ते बंद पडले की कडे पुन्हा आखडू शकते, विशेषतः उन्हाळ्यातल्या घामात. पुढची तपासणी सहा महिन्यांनी, आणि त्याआधी कड्यावर चिनीमातीसारखा पांढरा ठिपका दिसला तर त्याच आठवड्यात.